पदवी मोठी, पण नोंदणी कुठे?

उरणच्या माझ्या मेडिकलमध्ये काउंटरमागे दोन फ्रेम आहेत. एक औषधी रसायनशास्त्रातल्या एम.एस्सी.ची, दुसरी डी.फार्म.ची. गिऱ्हाईक पहिलीकडे बघतं. औषध निरीक्षक आला की त्याला काम असतं ते फक्त दुसरीशी, आणि तिच्या जोरावर मिळालेल्या नोंदणीशी. आधी एम.एस्सी. आणि मग डिप्लोमा असा उलटा क्रम का, हे विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर एका प्रवेश सल्लागाराने सांगितलं, ‘फार्मातलं पीजी करा, उद्या स्वतःचं मेडिकलही टाकता येईल.’ माहितीपत्रकात पानोपानी ‘फार्मा’ होतं, फार्मसी कौन्सिलचं नाव कुठेच नव्हतं. आमच्याकडे जमीन सिडकोत गेलेली, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे पैसे आलेले. त्यातून मुलीचं शिक्षण आणि नंतर दुकान, असा बाबांचा हिशोब. पदवी झाली, गाळा बघून ठेवला, आणि लायसन्सच्या कागदपत्रांत रजिस्टर्ड फार्मासिस्टचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. ते माझ्याकडे नव्हतं आणि त्या पदवीवर कधी मिळणारही नव्हतं.

कायदा जुना आणि सरळ आहे. फार्मसी कायदा 1948 चा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं, असं त्याचं कलम 42 सांगतं. आज नव्याने नोंदणी हवी तर डी.फार्म., बी.फार्म. किंवा फार्म.डी. यांपैकी एक लागतं, तेही कौन्सिलने कलम 12 खाली मंजूर केलेल्या कॉलेजातून. एम.एस्सी. त्यात नाही. पीएच.डी. केली तरी नाही.

ही अडचण कळताच मदतीला येणारेही असतातच. ‘ताई, सर्टिफिकेट भाड्याने मिळतं, महिन्याचे पैसे द्यायचे, नाव त्याचं लावायचं, दुकान तुम्ही बघायचं.’ हा धंदा सर्रास चालतो आणि कारवाई झाली की लायसन्स आधी जातं. बाबा एवढंच म्हणाले, ‘बाय, गाला आपला न् सही दुसऱ्याची, असला धंदा नको.’ विषय संपला.

मग डी.फार्म. बारावी सायन्स झालेली होती, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नव्हता. वर्गातली मुलं मला ‘मॅडम’ म्हणायची, आणि पहिल्या दिवशी तर एकाने हजेरीपटच माझ्यासमोर आणून ठेवला! दोन वर्षं अभ्यास आणि त्यानंतर 500 तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. ते तास मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात काढले आणि तिथेच एम.एस्सी. आणि या कामातलं अंतर कळलं. एचपीएलसीवर औषधाची शुद्धता मोजणं मला येत होतं. पण दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडच्या नावांनी एकाच पेशंटला एकच पॅरासिटामॉल लिहिलंय, हे चिठ्ठ्या शेजारी ठेवून पकडणं येत नव्हतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले आजोबा गुडघेदुखीवर पेनकिलर मागतात तेव्हा त्यांना थांबवून काय विचारायचं, हेही नाही. शेड्यूल एच-1 मधलं औषध दिलं की वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरचं, पेशंटचं नाव आणि औषधाची मात्रा लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची, हा 2014 पासूनचा नियमही मी तिथेच शिकले. त्यामुळे कायदा माझ्या पदवीला नाही म्हणाला, यात मला अन्याय दिसत नाही. राग आहे तो ‘चालेल’ म्हणणाऱ्यांवर.

नोंदणी राज्य कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याला मुलुंड. तेव्हा उरणला लोकल नव्हती. बस नाहीतर मोऱ्याची लाँच, आणि ओहोटी असली की लाँचचाही भरवसा नाही. जानेवारी 2024 पासून गाडी थेट उरणपर्यंत येते, तेवढा तरी त्रास वाचला.

एम.एस्सी. वाया गेली असं मात्र म्हणू नका. तळोजा, रसायनी-पाताळगंगा इथल्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीला हेच शिक्षण लागतं. औषधांच्या घाऊक विक्रीचं लायसन्स हवं असेल तर औषध व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला पदवीधरही नियमांत बसतो. किरकोळ विक्री आणि रुग्णालयाचं काउंटर, तिथे मात्र नोंदणीच.

बी.फार्म. झालेल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांची नोंदणी बी.फार्म.वरच होते, एम.फार्म.ने संशोधन, अध्यापन, कंपनीतली बढती मिळते, नोंदणी नव्याने मिळत नाही. रुग्णालयात रुग्णांच्या औषधोपचारावर काम करायची ओढ असेल तर बी.फार्म.नंतरचा तीन वर्षांचा फार्म.डी. आहे, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं.

परदेशाचं स्वप्न असेल तर आणखी सावध. 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टकडे अमेरिकेत पाच वर्षांचा मूळ फार्मसी अभ्यासक्रम मागतात. आपला बी.फार्म. चार वर्षांचा. वर एम.फार्म. किंवा तिथली एम.एस. जोडून ते पाच होत नाहीत, आणि हे कर्ज काढून तिकडे गेल्यावर कळलेली मुलं आहेत. ब्रिटनमध्ये मात्र परदेशी फार्मासिस्टसाठी ओस्पॅप नावाचा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यानंतर 52 आठवड्यांचं प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा. तिथेही आपली भारतातली फार्मासिस्ट म्हणून पात्रता आधी तपासतात.

करंजा, जासई, चिरनेरकडची मुलं-मुली माहितीपत्रकं घेऊन काउंटरवर येतात, तेव्हा मी त्यांना प्रवेश कार्यालयात एकच प्रश्न विचारायला सांगते: ‘या पदवीवर राज्य फार्मसी कौन्सिल माझी नोंदणी करेल का? हे लिहून द्याल?’ तोंडी ‘हो’ म्हणतात आणि लेखी द्यायला टाळतात, तिथे फी भरू नका. लिहून दिलं तरी कॉलेजचं नाव त्या वर्षीच्या मंजुरीसह फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या यादीत स्वतः शोधा. नाही सापडलं, तर मुलुंडला जाऊन विचारा आणि मगच चेक फाडा.