जुन्या डिझेल गाडीची नाडीपरीक्षा

पौष महिन्यात भोपाळचा पारा कधी कधी १० अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे एखादी जुनी डिझेल जीप चालू होता होत नाही आणि झालीच तर क्षणार्धात बंद पडते. मालक घाईने पंप बदलावयास निघतो. त्यापूर्वी कारणांची छाननी कशी करावी, ते आपण पाहू.

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नसते. दट्ट्या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्यामुळे ती ५०० अंशांहून अधिक तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. बॅटरी अशक्त असल्यास इंजिन संथ फिरते आणि ही उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींतच विरते. म्हणून प्रथम बॅटरी तपासावी.

मग धुराची साक्ष घ्यावी. इंजिन फिरत असता धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर असेल, तर ते पोचते पण पेटत नाही. तेव्हा ग्लो प्लग, दट्ट्याच्या झिजलेल्या रिंगा अथवा फवारणीची चुकलेली वेळ यांचा संशय घ्यावा. काळा धूर आल्यास हवेची गाळणी पाहावी.

चालू होऊन लगेच बंद पडणाऱ्या गाडीत बहुधा नळीत हवा शिरलेली असते. मिस्त्री म्हणतात, 'गाडीने एअर धरली.' पंपात उरलेले डिझेल संपते आणि पाठोपाठ बुडबुडे येतात. येथे मौज अशी की, टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत ओढ असते. म्हणून फटीतून थेंब बाहेर न गळता हवाच आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे दिसते! गाळणीवरील स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा व स्क्रू घट्ट करावा. दोष पुन्हा उद्भवल्यास नळीचे सांधे व वॉशर एकेक करून पाहावेत. नोझलच्या फवाऱ्याजवळ मात्र हात कदापि नेऊ नये. त्या दाबाचे डिझेल त्वचा भेदून आत शिरते.

गाडीवर ज्याचा संसार चालतो, त्याला स्वस्त वॉशरच्या दोषापायी महाग पंपाचा खर्च परवडणारा नसतो. सोपे व स्वल्प खर्चाचे कारण आधी पारखावे, अवघड मागून. प्रयोगशाळेतील हीच शिस्त गॅरेजातही उपयोगी पडते.