जुना रंग उतरविणे : रंगकामाची पूर्वतयारी व तीविषयीचा पाठ

शाळेच्या खिडक्यांचे गज, बाके, फळ्याची चौकट व आवारातील घसरगुंडी यांना रंग देण्याचे काम बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत निघते. जुन्या रंगावरच नवा हात फिरविला की काम उरकल्यासारखे वाटते. परंतु एक पावसाळा सरतो न सरतो तोच पोपडे उडू लागतात. दोष नव्या रंगाचा नसतो. ज्या थराला तो धरून बसला, तो थरच सुटलेला असतो.

तेलाचा रंग ऊनपावसाने ठिसूळ होतो व त्याला बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरून लोखंडावर गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते, म्हणून तो वरचा थर उचलतो. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हात आक्रसते. ताठरलेला रंग त्या हालचालीबरोबर जाऊ न शकल्याने तडकतो.

जुन्या रंगातील शिसे

पूर्वीच्या अनेक रंगांत शिशाची संयुगे असत. शेंदूर हे शिशाचेच संयुग असून लोखंडाच्या अस्तरासाठी त्याचा उपयोग होत असे. पांढऱ्या व पिवळ्या रंगांतही शिसे येई. घरगुती व सजावटीच्या रंगांत दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम भारतात 2016 साली झाला व नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. केवळ पाहून ते ओळखता येत नाही.

शिशाची धूळ हातावरून तोंडात व श्वासातून शरीरात जाते. पोटात गेलेल्या शिशाचा जितका अंश प्रौढाच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश लहान मुलाच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. मेंदूची वाढ, अवधान व ग्रहणशक्ती यांवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. म्हणून हे काम विद्यार्थ्यांकडून कदापि करवून घेऊ नये. मुले आवारात नसताना ते जाणत्या माणसाने करावे.

कृती

1. प्रथम परीक्षा घ्यावी. पात्याने रंगावर फुलीसारखे दोन छेद द्यावेत, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्याने ओढावी. रंग पट्टीबरोबर आला तर तो उतरवावा. न आल्यास पृष्ठभाग ओल्या वॉटर पेपरने किंचित खरबरीत करणे पुरेसे होते.
2. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. रंगावर पाणी शिंपडत, तो ओला ठेवूनच पत्र्याच्या पट्टीने खरवडावा. कोरडा रंग घासू नये. नाकातोंडावर बांधलेल्या साध्या फडक्याने बारीक धूळ अडत नाही.
3. कड्या, बिजागऱ्या अशा लहान लोखंडी वस्तू जुन्या भांड्यात पाणी व धुण्याचा सोडा घालून मंद उकळाव्यात. रंग सैल होऊन निघतो. ते भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये.
4. पोपडे पिशवीत भरून तोंड बांधावे. ते जाळू नयेत, परसबागेत पुरू नयेत. ग्रामपंचायतीस विचारून त्यांची विल्हेवाट लावावी. जागा केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. साबणाने हात धुतल्यावाचून काही खाऊ नये. कामाचे कपडे निराळे धुवावेत.
5. वस्तू पूर्ण वाळल्यावर लोखंडास त्याच दिवशी अस्तर द्यावे, नाहीतर गंज पुन्हा धरतो. लाकडाच्या भेगांत लांबी भरून मग रंग द्यावा.

दिव्याच्या ज्वाळेने रंग जाळू नये. त्यातून शिशाचा विषारी धूर निघतो. कॉस्टिक सोड्याने रंग झटकन निघतो, पण तो कातडी व डोळे भाजतो आणि ॲल्युमिनियम खातो. शाळेत तो आणूच नये.

किनाऱ्यावरील गावांत गळाच्या व जाळ्याच्या वजनांसाठी शिसे वापरतात. रंगविलेल्या वजनाचा रंग घासला तर त्याखालचे शिसेही झिजून धूळ होते. अशी वजने मुलांनी दातात धरू नयेत वा खेळण्यास घेऊ नयेत, हे तेथील शिक्षकांनी आवर्जून सांगावे.

वर्गातील पाठ

दोन नवे खिळे घ्यावेत. एक स्वच्छ पुसावा, दुसऱ्यास चिखल लावून वाळवावा. दोहोंना शिसेविरहित नवा रंग शिक्षकाने स्वतः द्यावा. वाळल्यावर ते ओल्या वाळूत आठवडाभर ठेवावेत व मग वर्गासमोर शिक्षकाने नखाने खरवडून पाहावेत. चिखलावरचा रंग का निघाला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. नंतर व्हरांड्यातील व वर्गातील गज दुरून पाहून कोठे पोपडे अधिक आहेत व का, याची नोंद मुलांनी वहीत करावी.

ज्या गजाला धरून मूल रोज उभे राहते, त्याचे पोपडे त्याच्या बोटांना लागतात. तेव्हा रंग केवळ शोभेसाठी नसून मुलांच्या आरोग्यासाठीही आहे, हे ध्यानी ठेवून सुटीतील कामाची आखणी करावी.