घराच्या छतावर सौर वीज : आधी हिशेब, मग खरेदी



लागवड नोंदी आणि खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही गावोगाव फिरतो, तेव्हा हल्ली उसापेक्षा एकच प्रश्न जास्त विचारला जातो. "साहेब, घरावर सोलर बसवू का?" उसाचे बिल हातात आले की गावात विक्रेते फिरू लागतात, हे आपण जाणताच. म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून या प्रश्नाचे उत्तर देत आहोत.

प्रथम एक घडलेली गोष्ट. आपल्या एका सभासदाने मागील वर्षी घरावर ३ किलोवॅटचा संच बसवला. घरी वापर महिन्याला ११० युनिटांचा. संध्याकाळी लाईट गेली आणि घरात अंधार झाला, तेव्हा गडी चक्रावला. "पॅनेल असून अंधार कसा?" आम्ही जाऊन पाहिले. संच चांगला होता, पण गरजेच्या तिप्पट मोठा, बॅटरीशिवायचा, आणि दुपारी तीननंतर शेजारच्या नारळाची सावली त्यावर पडत होती. दोष उन्हाचा नव्हता, विचारपूस न करता घेतल्याचा होता.

पॅनेल काम कसे करते?

उसाचे पान उन्हातून साखर बनवते, तसे सिलिकॉनचे पॅनेल उजेडातून वीज बनवते. असा उपयोगी सिलिकॉन सेल प्रथम १९५४ साली अमेरिकेत तयार झाला. पॅनेलला ऊन हवे म्हणजे उजेड हवा, उष्णता नव्हे. पॅनेल तापले की उत्पादन उलट थोडे घटते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी.

पॅनेलची वीज एकदिश असते. इन्व्हर्टर तिचे घरातल्या विजेत रूपांतर करतो. दिवसा घराला लागून उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारेत जाते व रात्री आपण तिकडून घेतो. बिलात दोन्हींची वजाबाकी होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो, तेव्हा "बिल शून्य" या बोलण्यावर भुलू नये.

किती किलोवॅट घ्यावे?

मागील बारा महिन्यांची बिले काढा व युनिटांची बेरीज करा. आपल्या भागात १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो, म्हणजे वर्षाला साधारण १४०० युनिट. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात ढगांमुळे बरेच कमी. समजा घराचा वापर वर्षाला २४०० युनिट आहे. २४०० ला १४०० ने भागले की पावणेदोन येते. अशा घराला २ किलोवॅट पुरे. वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटांना दर कमी मिळतो, म्हणून "मोठा घ्या, वीज विका" हा सल्ला घरगुती ग्राहकाला परवडत नाही. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे, त्यांचा विजेचा दरही कमी असतो. त्यांची गुंतवणूक वसूल व्हायला वेळ लागतो. त्यांनी घाई करू नये.

जागा आणि सावली

१ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला व उतार १५ ते २० अंश ठेवावा. सावलीची काळजी सर्वांत मोठी. पॅनेल एकामागे एक माळेत जोडलेले असतात. पाटात एका जागी ढेकूळ पडले की पुढच्या सगळ्या सऱ्यांचे पाणी कमी होते, तसेच एका पॅनेलवर सावली पडली की माळेचे उत्पादन बसते. पाण्याची टाकी, नारळ, कडुनिंब यांची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा व चार वाजता स्वतः गच्चीवर उभे राहून पाहावी. हिवाळ्यात सावली लांब पडते, हेही ध्यानात घ्यावे.

लाईट गेल्यावर काय?

साधा संच लाईट गेली की आपोआप बंद पडतो. हा बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. लाईट गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा हायब्रीड संच घ्यावा लागेल. त्याचा खर्च वाढतो, हे आधी विचारून घ्यावे.

अनुदान

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये असे अनुदान ठरवले आहे. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठेवलेली आहे. हे अनुदान घरगुती मीटरसाठी आहे, विहिरीवरच्या मोटारीसाठी नाही. कृषिपंपांच्या योजना वेगळ्या आहेत.

पैसे देण्यापूर्वी एवढे पाहावे :

१) विक्रेता योजनेत नोंदणीकृत आहे का?
२) पॅनेल व त्यातील सेल भारतीय बनावटीचे आहेत का? नसतील तर अनुदान मिळत नाही.
३) अनुदान तपासणीनंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. "आम्हीच काढून देतो" म्हणून कोणी जादा रक्कम मागितल्यास देऊ नये.
४) पॅनेल, इन्व्हर्टर व पाच वर्षांची देखभाल यांची हमी लेखी घ्यावी.
५) सांगाडा गंज न धरणारा व वादळात टिकणारा असावा. अर्थिंग व वीजरोधक स्वतंत्र असावेत.

देखभाल

गाळप हंगामात धुराड्याची राख, रस्त्याची धूळ आणि फडात जाळलेल्या पाचटाची काजळी पॅनेलवर बसते. पंधरा दिवसांनी सकाळी ऊन चढण्याआधी साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आणि पाचट जाळू नका, हे आम्ही जमिनीसाठी सांगत आलो. आता ते छतासाठीही सांगतो.

एक शेवटचे. मेन स्वीच बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या तारेत वीज असते. तुटकी तार पोरांनी अगर घरच्यांनी हाताळू नये, जाणकारालाच बोलवावे.

संच पंचवीस वर्षांसाठी घ्यायचा असतो. खोडवा मोडण्याआधी आपण चार वेळा विचार करतो, इथे एकदा तरी करा. बारा महिन्यांची बिले घेऊन गट कार्यालयात या, हिशेब आपण बसून करू. सही मात्र त्यानंतर करा.

— ऊस विकास अधिकारी