चिखलातील पंगत

पालीजवळून वाहणारी अंबा नदी धरमतरच्या खाडीतून समुद्रास मिळते. मुलांनो, या खाडीकाठी पक्षी पाहावयाचे, तर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी जावे. पाणी ओसरते, चिखल उघडा पडतो आणि पंगत बसते. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो. पाणटिवळा लांब चोच खोल खुपसून आतील कृमी ओढून काढतो. तांबड्या, काटकुळ्या पायांचा शेकाट्या पाण्यात ऐटीने चालतो. चोची निरनिराळ्या, म्हणून तंटा नाही! यांतील कित्येक पाहुणे हजारो मैल उडून उत्तरेकडून येतात. परतीची शिदोरी त्यांना याच चिखलात मिळते. आपण मात्र त्यास पडीक जागा समजून भराव घालतो. भरती आली, की थवे खारभूमीच्या बांधावर एका पायावर उभे राहून पाणी उतरण्याची वाट पाहतात.