नागासाकीचा धडा

जपानांतील नागासाकी शहरीं पाहण्यासारखें पुष्कळ आहे. परंतु तेथील तीन स्थळें एखाद्या धड्याप्रमाणें क्रमानें वाचावीं.

पहिलें, निशिझाका टेकडी. येथें सन १५९७ त हिदेयोशी या सत्ताधीशाच्या हुकुमानें २६ ख्रिस्ती जनांस क्रूसावर मारण्यांत आलें. त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियाही होता. सन १९६२ त तेथें स्मारक व संग्रहालय झालें. हा वृत्तांत वाचतांना, 'आमच्या लोकांस छळिलें,' एवढेंच आमच्या मनांत येतें.

दुसरें, सान्नो देवालय. ता. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं सकाळीं ११ वाजून २ मिनिटांनीं शहरावर अणुबाँब फुटला. देवालयाच्या दगडी कमानीचा एक खांब कोसळला. दुसरा अद्यापि एकटाच उभा आहे. जळालेलीं दोन कापराचीं झाडें मात्र पुन्हां पालवलीं. त्याच बाँबनें उराकामीचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिरही उद्ध्वस्त झालें. आणि बाँब टाकणारें राष्ट्र बहुतांशीं ख्रिस्तीच होतें! मग आम्ही केवळ छळ सोसणारे, असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

तिसरें, शांति-उद्यान. तेथील सन १९५५ च्या भव्य पुतळ्याचा उजवा हात आकाशांतील संकट दाखवितो, डावा शांतीसाठीं पसरलेला आहे, आणि डोळे मृतांसाठीं प्रार्थनेंत मिटलेले आहेत. आपणही दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं क्षणभर डोळे मिटून स्वतःस तपासावें, हाच या नगराचा धडा होय.