एक रूप, अनेक कुळे

मनुष्याच्या मोठ्या आतड्यात ब्लास्टोसिस्टिस नावाचा एकपेशीय जीव पुष्कळदा आढळतो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तो बहुधा एका वाटोळ्या पेशीच्या रूपात दिसतो व तिचा मध्यभाग एका मोठ्या पोकळीने व्यापलेला असतो. परंतु रूप एक म्हणून कूळ एक, असे होत नाही. निरनिराळ्या नमुन्यांतील एकच जनुक ताडून पाहता या जीवाचे अनेक उपप्रकार असल्याचे दिसून आले. २००७ साली त्यांना क्रमांक देण्याची समान पद्धत ठरविण्यात आली.

मनुष्यात सापडणारे बहुतेक नमुने पहिल्या चार उपप्रकारांत मोडतात. तिसरा उपप्रकार बहुतेक सर्व खंडांत आहे. चौथा मात्र युरोपात पुष्कळ, तर दक्षिण अमेरिकेत विरळा. शिवाय तिसऱ्याच्या नमुन्यांत आपापसांत भेद पुष्कळ असून चौथ्याच्या नमुन्यांत ते थोडेच आहेत. भेद साठण्यास काळ लागतो. यावरून चौथ्याचा मनुष्याशी संबंध अलीकडचा असावा, असे अनुमान निघते.

हा जीव अनेक निरोगी माणसांतही वस्ती करून असतो. म्हणून मलतपासणीत तो दिसला, एवढ्यावरूनच पोटाच्या विकाराचा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. विकाराची इतर कारणे आधी शोधली पाहिजेत.