सुरमईला कुंपण घालताना

माहेर मालवणचं, संसार उत्तर प्रदेशात, बख्शी का तालाबला. ह्यांची नोकरी इथल्या हवाई दलाच्या तळावर. बाजारात आंध्रातून बर्फात आलेली रोहू मिळते. समुद्राच्या बातम्या भाऊ फोनवर देतो. त्याच्याशी वाद घालून आणि इथे गंगेच्या मुलखात राहून मासे राखण्यासाठी समुद्राला कुंपण घालण्याबद्दल काही मतं पक्की झाली, ती अशी.

1. राखीव जागा किती मोठी, याआधी मासा किती हिंडतो ते विचारावं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, जेमतेम 29.12 चौरस किलोमीटर; गाभा तर 3.18 चौरस किलोमीटरच. प्रवाळाला, कपारीत ठाण मांडून बसणाऱ्या गोबऱ्याला तेवढं पुरतं. सुरमई तारलीच्या थव्यामागे धावणारी. सकाळी हद्दीत, दुपारी बाहेर. भाऊ विचारतो, "गो ताई, सुरमयेक पाटी वाचूक येता काय?"

2. तरी मोठी क्षेत्रं फुकट, असं मी म्हणणार नाही. हवाईजवळचं पापाहानाउमोकुआकेआ हे राखीव क्षेत्र 2016 मध्ये वाढवून सुमारे 15 लाख चौरस किलोमीटर केलं. 2022 च्या एका अभ्यासात त्याच्या सीमेलगत पिवळ्या पराच्या कुप्याचं (ट्यूनाचं) गळाला लागण्याचं प्रमाण 54 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. म्हणजे कुपा वाटतो तितका भटक्या नाही. काही कुपे त्याच पाण्यात घुटमळतात. पण बाहेरच्या होड्या सीमेला खेटून उभ्या राहतात, हेही त्यातच आलं. सांडलेलं कोणीतरी वेचणारच.

3. वाट तुटली की राखीव पाणी काही कामाचं नाही. हे मला उत्तर प्रदेशाने शिकवलं. हिलसा वाढते बंगालच्या उपसागरात, अंडी घालायला गंगेत शिरते. कैथीला गोमती गंगेला मिळते, त्याच्याही पुढे प्रयागराज, कानपूर, आग्र्यापर्यंत ती येत असे. 1975 मध्ये फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि इथल्या लोकांच्या ताटातून ती गेली. समुद्रात कितीही मोठं क्षेत्र राखलं असतं, तरी हा बंधारा आडवा होताच.

4. भटक्या माशासाठी जागेपेक्षा वेळ बंद करणं मला जास्त पटतं. मेअखेरच्या बांगड्याचं पोट फाडलं की गाबोळीच्या दोन पिवळसर पट्ट्या बोटाला लागतात. मिरची-कोकमात परतून आम्ही त्या आवडीने खातो, आणि खाताना ते सगळे बांगडेच असतात हेही ठाऊक असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते ती याचसाठी. मासा तेव्हा देवगडात असो की कारवारात, बंदी दोन्हीकडे असते. शिवाय पिल्लं पकडू नयेत म्हणून माशाचा किमान आकार ठरवणं, जाळ्याचा आस, म्हणजे छिद्र, मोठा ठेवणं हेही हवं.

5. बंदीचा खर्च कोण सोसतो, हे आधी ठरवावं. किरिबातीने फिनिक्स बेटांभोवतीचं सुमारे 4 लाख चौरस किलोमीटर पाणी 2015 मध्ये व्यापारी मासेमारीला बंद केलं. 2021 मध्ये ते पुन्हा उघडायचं ठरवलं. छोट्या देशाला परवान्यांचे पैसे बुडणं परवडेना. बांगलादेशाने हिलसाची पिल्लं धरण्यावर बंदी घातली, प्रजोत्पादनाच्या दिवसांत नद्या बंद केल्या, पण मच्छीमार कुटुंबांना महिन्याला 40 किलो तांदूळही दिला. 2002-03 मध्ये 2 लाख टनांच्या आत असलेलं उत्पादन 2017-18 मध्ये 5 लाखांच्या वर गेलं. तांदूळ वेळेवर मिळत नाही, पुरत नाही, अशी तिथली ओरड आहेच. ती खोटी नसावी.

6. हद्द आखली की गस्त लागते. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल राज्याचे, पुढचं केंद्राचं. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 पासून बंदी आहे, तरी भाऊ रात्री किनाऱ्यावरून उजेड मोजतो. दिव्याखाली थवा गोळा झाला की पर्ससीनचं जाळं भोवती फिरतं, तळ आवळला जातो, आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी चार पेडवे येतात.